डागी मासोळी

चहा निवतो आहे तोवर सांगून टाकतो. पण एक अट आहे, मधे हसायचं नाही. कारण ज्या दिवशी हे घडलं त्या दिवशी मी हसलो नव्हतो, आणि आमच्या घरात तर कोणीच हसलं नव्हतं. चुका माझ्या हातून पुष्कळ झाल्या. दुकानात केल्या, त्या दुकानातच भरून निघाल्या. ही एक मी घरात केली, आणि केली ती कशापायी? तर बोटाच्या दोन पेरांएवढ्या मासोळीपायी!

इतवारीच्या बाजारात माझं लुगड्यांचं दुकान. वडील उमरेडला मागावर बसत. मी विणण्यात कच्चा निघालो, म्हणून विकायला लागलो. शाळा नावापुरती झाली. पण कापडाचं म्हणाल तर रंग पक्का की कच्चा, ओल कुठे धरली, डाग पाण्याचा की तेलाचा, हे मी पदर हातात घेताच सांगतो. बाजारातले लोक भांडण झालं की कापड घेऊन माझ्याकडे येत. या डोळ्यांचा मला फार गर्व होता. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू?

त्या साली आमची कुसुम माहेरी आली होती. एकुलती एक पोर. जावई चंद्रपूरला नोकरीत. पहिल्या खेपेस तिचं बाळ दिवस भरण्याआधीच आलं आणि राहिलं नाही. या वेळी रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, ‘पडून राहायचं. पायाखाली उशी. जिना नाही, वजन नाही, आणि मनाला घोर तर अजिबात नाही.’

पडून राहा म्हणणं सोपं आहे हो! पण माणसाने पडून पाहायचं काय? छत? कुसुम छताकडे पाही आणि छताकडे पाहता पाहता तिचे डोळे भरून येत. आम्ही नवराबायको दाराआडून बघायचो आणि आपापल्या कामाला लागायचो.

मग मला आठवलं. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बाकासमोर काचेची एक टाकी होती, रंगीत मासोळ्यांची. तिच्यासमोर बसली की कुसुमच्या कपाळावरची आठी जायची. नंबर लागला तरी ती उठायची नाही. मी ठरवलं, टाकी घरी आणायची.

तलावापलीकडे, बर्डीच्या बाजारात गफूरभाईचं मासोळ्यांचं दुकान होतं. माल कलकत्त्याहून रेल्वेने यायचा, पाण्याने फुगवलेल्या पिशव्यांतून. मी टाकी घेतली, हवेचा पंप घेतला, वाळू घेतली, हिरवळ घेतली, आणि मासोळ्या निवडायला बसलो. नारिंगी तलवारशेपट्या, काळ्या कुळकुळीत मोली, पट्ट्यापट्ट्यांच्या झेब्रा. आणि गप्पी! त्या गप्पींच्या शेपट्या काय सांगू तुम्हाला! निळ्यावर पिवळी बुट्टी, हिरव्यावर लाल काठ. असा पदर विणायला आमच्या उमरेडच्या कारागिराला महिना लागला असता.

मी झगझगीत तेवढ्या निवडल्या. गफूरभाईने त्यांच्याबरोबर काही मळकट, राखाडी, जाड्या जाड्या मासोळ्या पिशवीत सोडल्या.

‘हे काय, गफूरभाई? हा कुठला माल?’

‘सेठ, इनके बिना टाकी जमती नहीं.’

मी मनात म्हटलं, समजलो बाबा! हे तर मी रोज करतो. दहा चांगल्या लुगड्यांच्या गठ्ठ्यात एक न खपणारं सरकवून देतो. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला काय बोलायचं? घेतल्या.

टाकी कुसुमच्या पलंगासमोर मांडली, आत दिवा लावला. आणि पोर बदलली हो! सकाळी डोळा उघडला की आधी टाकी. ‘बाबा, हा निळा फार भांडकुदळ आहे. बाबा, तो पट्टेवाला कोणाले खाऊच देऊन नाही राहिला.’ तिने सगळ्यांना नावं ठेवली. आणि गंमत पाहा, इतक्या रंगीत मासोळ्या सोडून तिचा जीव जडला त्या मळकटांतल्या एकीवर. तिचं नाव ठकी. ठकी इकडे गेली, ठकी तिकडे गेली, ठकीने आज खाल्लं नाही. तिची आई तर ठकीला वेगळी चिमूट टाकायची. टाकीशी दोघी मायलेकी काही कुजबुजायच्या आणि मी खोलीत आलो की गप्प व्हायच्या. मी विचारलं नाही. बायकांच्या गोष्टीत आमच्याकडे बाप माणूस डोकावत नाही. पोर गरोदर आहे हेही मी तिच्याशी कधी शब्दांत बोललो नव्हतो. ‘तब्येत कशी आहे?’ एवढंच विचारायचं, आणि तिने ‘बरी आहे’ म्हणायचं.

रोज दुकानात जाण्याआधी मी टाकीवर एक नजर टाकत असे. तीच, मालाची नजर. आणि एके दिवशी मला दिसला तो डाग!

ठकीच्या पोटाच्या मागल्या बाजूला, शेपटीकडे, काळसर डाग. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. डागच! दुसऱ्या दिवशी तो वाढला. पोटही फुगलं. पुढच्या दिवशी आणखी.

तुम्ही कापडाच्या धंद्यात नाही, म्हणून सांगतो. गठ्ठ्यातल्या एका लुगड्याने ओल धरली, बुरशीचा एक ठिपका पडला, की तो ठिपका वरच्या घडीला लागतो, मग खालच्या, मग सगळा गठ्ठा जातो. म्हणून आमचा पहिला नियम काय? डागी माल दिसताक्षणी बाजूला! तिथे दयामाया नाही.

आता विचार करा. माझी पोर पलंगावर. तिचा जीव त्या टाकीत. ठकी उद्या उलटी होऊन तरंगली तर? तिच्यामागे निळा गेला, पट्टेवाला गेला तर? घरात गर्भारशी असताना तिच्या डोळ्यांसमोर एकेक मासोळी मेलेली काढायची? नाही, नाही! मी ठरवलं, कुसुमला कळू द्यायचं नाही. तिच्या आईलाही नाही, कारण तिच्या पोटात गोष्ट राहत नाही. गुपचूप ठकीला काढायचं, बर्डीवर न्यायचं आणि तश्शीच दुसरी बिनडागाची आणून सोडायची. रंगाला रंग जुळवणं हाच तर माझा धंदा!

दुपारी कुसुमचा डोळा लागला. तिची आई पापड वाळत घालायला गच्चीवर गेली. मी गाळणीने ठकीला उचललं आणि पितळेच्या गडव्यात सोडलं. उडी मारेल म्हणून गडव्याच्या तोंडाला कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा बांधला. पांढरा. कापडाच्या दुकानदाराच्या घरात दुसरं काय सापडणार? घाईत डोक्यावर टोपी घालायची राहिली. बाहेर आलो, सायकलरिक्षा केली, गडवा मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी धरला, आणि पाणी हिंदकळू नये म्हणून रिक्षावाल्याला म्हटलं, ‘हळू चल गा, अगदी हळू.’

आता हे चित्र तुमच्या डोळ्यांपुढे आणा. भर दुपार. उघड्या डोक्याचा, पडलेल्या चेहऱ्याचा माणूस. मांडीवर पितळेचं भांडं, तोंडाला पांढरं फडकं. रिक्षा पावलापावलाने तलावाच्या बाजूला चाललेली.

माझ्या काय ध्यानात येणार? माझं ध्यान गडव्यात.

तलावाजवळ समोरून आमच्या गल्लीतले नथ्थूजी किराणावाले सायकलवर आले. भला माणूस. गल्लीत कोणाकडे काही वाईट घडलं की पहिला हजर. मला पाहून सायकलवरून उतरले. गडव्याकडे पाहिलं, माझ्या डोक्याकडे पाहिलं, आणि आपली टोपी काढून हातात घेतली.

‘दामोदरजी... कोन?’

मी घाबरलो. खरं सांगावं? नथ्थूजींना सांगितलं तर दिवेलागणीच्या आत त्यांची बायको आमच्या घरात, ‘काय वं कुसुम, तुही मासोळी डागी निघाली म्हणते?’ मी मान खाली घातली आणि नुसता हात हलवला. म्हणजे, विचारू नका.

नथ्थूजींचे डोळे पाणावले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘राहू द्या, राहू द्या. नका बोलू. समजलो मी.’

सायकल उलटी वळवून ते घाईघाईने गल्लीकडे गेले. मी म्हटलं, चला, किती समजूतदार माणूस आहे! एक शब्द विचारला नाही!

गफूरभाईने फडकं सोडलं. ठकीला काचेच्या भांड्यात घेतलं, उजेडापुढे धरलं, तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मिशीत काहीतरी हललं.

‘दाग है, सेठ?’

‘दाग है. बदलके दो.’

‘पक्का? बदल दूँ?’

‘बिलकुल.’

‘आपकी मर्जी!’ आणि झटकन दुसरी काढून दिली. सडपातळ, स्वच्छ, राखाडी.

इथे खरं तर मी थांबायला हवं होतं. अहो, जो दुकानदार एक शब्द न भांडता माल बदलून देतो, तिथे कुठेतरी पाणी मुरतं आहे, हे माझ्याहून जास्त कोणाला कळायला हवं? मी स्वतः आयुष्यात कोणाला असं बदलून दिलं नाही! पण घरी कुसुम जागी होईल, या एकाच घोरात मी होतो. गडवा भरून परत फिरलो.

घरी सगळं शांत. नवी ठकी टाकीत सोडली. रंगाला रंग जुळला, लांबीला लांबी. मागे सरकून पाहिलं, मान हलवली. स्वतःवर खूश झालो.

कुसुम उठली. टाकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

‘बाबा, टाकीत हात घातला होता काय?’

‘थोडं पाणी बदललं, बेटा. मळलं होतं.’

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी समजलो, झोप पुरी झाली नसेल. असा हुशार मी!

दिवे लागायच्या सुमारास दाराशी चपला वाजल्या. नथ्थूजी, त्यांच्यामागे सोनारगल्लीचे दोघे सोनार, त्यांच्यामागे माझ्याच दुकानाशेजारचे बर्तनवाले. सगळे पांढऱ्या कपड्यांत. आत आले, सतरंजीवर बसले. कोणी बोललं नाही. मला वाटलं बाजाराचं काही काम असेल, वर्गणी असेल. मीही बसलो. कोणी बोलेना म्हणून मीही बोललो नाही. आम्ही सगळे जमिनीकडे पाहत बसलो.

कुसुमच्या आईने माणसं पाहिली आणि चहा टाकला. कपबशा घेऊन आली, नथ्थूजींपुढे धरल्या. नथ्थूजींनी हात जोडले. ‘नाही वैनी, आज नाही.’

दोन्ही सोनारांनी हात जोडले. बर्तनवाल्याने मान फिरवली.

आता आमच्या मंडळींचा स्वभाव सांगतो. बाईचा हात सढळ, पण घरचा चहा कोणी नाकारला की तिच्या डोक्यात जातं. एके काळी आमच्या घरचं पाणी न घेणारी माणसं तिने पाहिलेली.

‘काहून? आमच्या घरचा चहा काहून नाही चालत आज? कालपर्यंत तर चालत होता!’

‘वैनी, तसं नाही...’

‘मग कसं आहे? सांगा नं! दूध नासलं की जात नासली?’

‘अवो वैनी,’ नथ्थूजी म्हणाले, ‘सुतकाच्या घरी चहा कसा घेऊ आम्ही?’

तिने कपबशा खाली ठेवल्या. ‘सुतक? कोनाचं सुतक?’

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. नथ्थूजी म्हणाले, ‘दामोदरजी, दुपारी तुम्ही तलावाकडे... गडवा घेऊन... पांढरं फडकं...’

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि कोणत्या वेळी पडला पाहा! आतल्या खोलीत पोर जागी, दार उघडं, मधे नुसता पडदा, आणि बाहेर मी माझ्याच घरात सुतक बसवून ठेवलेलं!

‘गंगाजल!’ मी ओरडलो. ‘गडव्यात गंगाजल होतं!’

‘आपल्या घरी गंगाजल कुठून आलं?’ आमची मंडळी. अहो, नवरा बुडत असताना बायकोने हा प्रश्न विचारायचा असतो काय?

आणि पडद्याआडून कुसुमचा आवाज आला. रडका नाही. अगदी सपाट.

‘बाबा, ठकी मेली नं?’

मी आत धावलो. माझ्यामागे तिची आई. पाहुणे उठून दाराशी उभे.

‘नाही बेटा, ती काय, पोहून राहिली तुझ्यासमोर.’

‘ही ठकी नव्हे. ठकीच्या शेपटीले चीर आहे. वरच्या बाजूनं. हिले नाही.’

घ्या! लुगड्याच्या काठातला एक चुकलेला धागा मी हातभर लांबून दाखवतो. ती चीर मला दिसली नव्हती. मी डाग पाहत होतो.

‘ती मेली, अन् तुम्ही दुसरी आणून सोडली. मले कळू नये म्हणून.’ कुसुम उठून बसायला लागली, आईने तिला धरलं. ‘मागच्या वेळीही असंच केलं तुम्ही. मी दवाखान्यात जागी झाली तं तुम्ही उशाशी होते. मी विचारलं, बाळ कसं आहे? तुम्ही म्हणाले, छान आहे, झोप. मी झोपली, बाबा! तुमच्यावर विश्वास ठेवून झोपली. मले सांगितलं तवा सगळं उरकून आले होते तुम्ही. मले पाहूही दिलं नाही.’

तिने टाकीकडे बोट दाखवलं.

‘ठकीचंही तसंच झालं नं? पोरं होता होता मेली. मले सांगा. माझंही काही वाईट झालं तं तुम्ही मले सांगणारच नाही, मले ठाऊक आहे.’

पोरं होता होता? माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अगं, पोरं कसली? तिला तर डाग पडला होता! पोटाशी, काळा! तो बाकीच्यांना लागू नये म्हणून बदलून आणली मी. गफूरभाईकडे आहे ती. जिवंत आहे!’

कुसुमच्या आईने कपाळावर हात मारला. तिथेच, चार परक्या माणसांसमोर.

‘अवो, तो डाग नव्हे! गप्पीची मादी आहे ती, अंडी नाही घालत, पोरंच देते! तिच्या पोटात पोरं आहे! त्याच्यानंच काळं दिसते ते! दिवस भरले होते बिचारीचे, अन् तुम्ही तिले रिक्षात घालून बर्डी दाखवून आणली? आम्ही दोघी रोज वाट पाहून राहिलो तिची!’

दाराशी उभे असलेले पाहुणे छताकडे पाहायला लागले. एका सोनाराने घसा साफ केला. नथ्थूजी हळूच म्हणाले, ‘म्हणजे... गेलं कोनीच नाही?’

‘कोणी नाही!’

‘मग वैनी, तो चहा...’

पण कुसुमला कोणाचं काही ऐकू येत नव्हतं. ती माझ्याकडे पाहत होती. ‘जिवंत आहे तं आणा. पाहिल्याशिवाय मी नाही मानत.’

मी निघालो. चप्पल एका पायात बर्तनवाल्याची, एका पायात माझी. रिक्षावाल्याला या वेळी ‘हळू’ म्हटलं नाही.

गफूरभाई फळ्या लावत होता. मी धापा टाकत म्हटलं, ‘वो दागवाली वापस दो!’

त्याने शांतपणे एक काचेची बरणी दिव्याखाली ठेवली. आत ठकी, पोट गेलेलं, डाग ओसरलेला, शेपटीला वरच्या बाजूने चीर. आणि तिच्याभोवती, जाळीच्या पलीकडे, जिऱ्याएवढे जीव! नुसते डोळे आणि एक टिंब शेपटी. एका जागी ठरत नव्हते.

‘रिक्षा में धक्के लगे, आते ही जन दिया,’ गफूरभाई म्हणाला. ‘पर सेठ, बदला हुआ माल वापस कैसे दूँ? आपकी दुकान में लिखा है ना, वापस नहीं होगा?’

‘ते माझ्या दुकानात आहे!’

‘मेरे पास बोर्ड नहीं है, तो मैं आपका ही पढ़ लेता हूँ. मेरी घरवाली की लाल साड़ी याद है? पहली धुलाई में बच्चों के कुर्ते तक गुलाबी हो गए. मैं लेकर आया, तो आपने मुँह से एक बात नहीं की. बस ऊपर उंगली दिखा दी.’

आठवलं मला. वरच्या पाटीकडे बोट दाखवलं होतं मी. माणसाकडे पाहिलंही नव्हतं, म्हणून तर टाकी घेताना ओळखलं नव्हतं.

‘नवीन देतो,’ मी म्हटलं. ‘पक्क्या रंगाची. दुकानातली सगळ्यात चांगली. पण आत्ता ही दे, भाई. माझी पोर पलंगावर आहे. तिचं पहिलं गेलं. तिला वाटते ठकी बाळंत होता होता मेली, अन् आपलंही तसंच होणार.’

गफूरभाईचा चेहरा उतरला. जाळीसकट बरणी उचलून माझ्या हातात दिली. ‘पहले बोलना था ना, सेठ! बेटी की बात थी, और आप दाग दाग करते रहे.’ मी वळलो तेव्हा मागून म्हणाला, ‘बच्चों को अलग रखना, बाकी मछलियाँ खा जाएँगी. और साड़ी की बात छूटी नहीं है!’

छूटी नहीं! दुसरा दुकानदार असता तर मी त्याला सलाम केला असता. त्यालाही केला, मनात.

परत येताना बरणी उघडीच धरली होती. ज्याला पाहायचं त्याने पाहावं. घरी पोचलो तर पाहुणे सगळे तिथेच. सुतक नाही म्हटल्यावर चहाबरोबर चिवडाही आला होता. बरणी घेऊन मी आत गेलो, तसे तेही मागे आले.

बरणी कुसुमच्या पुढ्यात धरली. तिने आधी पिलांकडे पाहिलंच नाही. बरणी फिरवत राहिली, ठकीची शेपटी उजेडात येईपर्यंत.

‘चीर आहे,’ ती म्हणाली. मग आईला, ‘आई, तू पाहा.’

आईने पाहिलं. ‘हाव. ठकीच आहे.’

‘अन् ही सगळी तिचीच?’

‘तिचीच, बेटा!’ मी म्हटलं.

‘कोण म्हणालं?’

‘गफूरभाई म्हणाला.’

‘तो म्हणाला? मग असेल.’ आणि मग ती रडली. खूप रडली. आईच्या कुशीत तोंड घालून त्या पहिल्या बाळाचं, जे आम्ही तिला रडू दिलं नव्हतं, ते सगळं रडली. नथ्थूजी टोपी काढून उभे राहिले. या वेळी त्यांनी टोपी काढली ते बरोबरच होतं.

पिलांना वेगळी बरणी मिळाली. कुसुमच्या उशाशी. ती रोज उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक बोटाने चुरडून त्यांना घालायची. पिलं वाढली, त्यातल्या काहींच्या शेपटीवर रंग चढायला लागला. आणि तिची आठी गेली, ती पुन्हा आली नाही.

मीही शिकलो, असं मला वाटत होतं. टाकीत एखादी मासोळी मेली की मी स्वतः कुसुमला सांगायचो. ‘बेटा, पट्टेवाला गेला.’ ‘कसा गेला?’ ‘ठाऊक नाही. सकाळी तळाशी होता.’ ती हळहळायची आणि जेवायची. मी मनात म्हणायचो, पाहा, किती सोपं आहे! घरात माझी पत परत बसली.

मग तिचे दिवस भरले. रामदासपेठेत नेलं. मी बाहेरच्या बाकावर. सकाळी डॉक्टरीणबाई हसत बाहेर आल्या. मुलगी झाली होती. गोरी, गोल, आवाज अख्ख्या दवाखान्यात ऐकू जाईल असा. नर्सने पुसून, गुंडाळून मला दाखवली आणि वजन करायला घेऊन गेली. कुसुमची आई नेमकी खाली पेज आणायला गेलेली. मला राहवेना. मीच आत गेलो.

कुसुम डोळे मिटून होती. केस घामाने कपाळाला चिकटलेले. मी उशाशी बसलो. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं.

‘बाबा, बाळ?’

‘छान आहे, बेटा! मुलगी झाली. अगदी छान आहे. तू झोप.’

अहो, खरं बोललो मी! आयुष्यात इतकं खरं कधी बोललो नसेन. पण त्या पोरीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तिने माझा हात घट्ट धरला. 

‘नका, बाबा. तुम्ही नका सांगू. तुम्ही छान म्हणाले की मले भेवच लागते.’

‘अगं, खरंच...’

‘आईले बलवा.’

इतवारीत आजही दोन व्यापारी भांडले की म्हणतात, दामोदरजी सांगतील ते खरं. तो दामोदरजी त्या सकाळी खरं बोलून मुलीच्या उशाशी बसला होता, आणि त्याच्या खऱ्याला घरात कोणी गिऱ्हाईक नव्हतं. मी उठलो, धावत जिना उतरलो, आणि पेजेच्या भांड्यासकट कुसुमच्या आईला साक्षीला घेऊन आलो.